थ्रीडीतलं ऊन

मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाला सावलीच उरत नाही. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या थेट डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या मध्यानंतर, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

मी घरांच्या आतली कामं करते, इंटिरियरची. माझ्या कामात हा सूर्य मला रोज लागतो, कारण घर तयार होण्याआधी ते कसं दिसेल याचं चित्र मला काढून द्यावं लागतं. आमच्याकडे त्याला सगळे सरळ थ्रीडी म्हणतात. ‘ताई, थ्रीडी कधी देताय?’ हा फोन ॲडव्हान्सच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. प्लॅन बघून भिंत कुठे आणि दार कुठे एवढं कळतं, पण त्या खोलीत बसल्यावर कसं वाटेल ते बहुतेकांना कळत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून लाखालाखांचे निर्णय या चित्रावर होतात. सोफा केवढा, फरशी कोणती, भिंत पाडायची की ठेवायची, सगळं. इतका भार ज्या चित्रावर आहे ते चित्र खरं बोललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सुंदर तर ते असतंच. हल्ली सुंदर चित्र काढणं अवघड राहिलेलं नाही.

या चित्रात ऊन येतं कुठून, ते आधी सांगते. आमच्या धंद्यात स्केचअप नावाचं सॉफ्टवेअर भरपूर चालतं. ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर गावच्या एका कंपनीने २००० साली बाजारात आणलं. पुढे २००६ मध्ये ते गूगलकडे गेलं आणि २०१२ मध्ये ट्रिम्बल नावाच्या कंपनीकडे. घर कुठल्या गावचं आहे हे आपण त्याला सांगितलं नाही, तर ते घर बोल्डरचंच धरून सावल्या पाडतं. बोल्डर ४० अंश उत्तरेला. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर चढतो. त्याच दिवशी जळगावात तो ४५ अंशांच्या वर असतो. तिथलं ऊन तिरकं होऊन खिडकीतून थेट आत शिरतं, सोफ्यावर पसरतं, गालिच्यावर चौकोन पाडतं. थंड मुलखात ते हवंहवंसं असतं. जगभरच्या इंटिरियरच्या चित्रांत सोनेरी उन्हाचा तो तिरका पट्टा दिसतो, त्याच्यामागे तिथल्या लोकांची उन्हाची भूक आहे. आपण तो पट्टा जसाच्या तसा उचलून भुसावळच्या हॉलमध्ये टाकतो.

भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा गावात अकरा वाजले की दारं लोटली जातात, पडदे ओढले जातात, खिडकीतला कूलर सुरू होतो. खोलीत उरतो तो पडद्यातून गाळून आलेला, किंचित तपकिरी उजेड, आणि दाराच्या फटीतून आलेली एक पांढरी रेघ. मार्च संपल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत घर याच उजेडात नांदतं. जेवणं, दुपारची झोप, पोरांचे पत्ते, सगळं त्यातच. घराचा एवढा मोठा काळ चित्रात कुठेच नसतो.

अमळनेरला एका घरी मी हॉलचं थ्रीडी दाखवत होते. मुलगा-सून खूश होते. आजी बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी एकच विचारलं, ‘कूलर कोठे ठेवशात?’ मी लगेच त्यांच्यासमोर खिडकीत कूलर बसवला. अडीच फूट रुंद पत्र्याचा डबा, खाली लोखंडी स्टँड, बाजूला पाण्याची नळी. तो बसवल्याबरोबर खोलीचं सगळं गणित हललं. टीव्हीची भिंत बदलली, कारण कूलरच्या झोतात कुणी बसावं आणि कुणी बसू नये यावर त्या घरात ठरलेले नियम होते. पाणी भरायला बाहेरून वाट लागणार होती, म्हणून खिडकीखालचं नियोजित कपाट गेलं. हे सगळं कागदावर झालं, प्लाय कापण्याआधी. तेव्हापासून खानदेशातल्या कुठल्याही घराचं पहिलं चित्र मी मे महिन्यातल्या दुपारी तीनचं काढते. पडदे ओढलेले, कूलर चालू.

दुसरं चित्र पश्चिमेच्या खिडकीचं, संध्याकाळी पाचचं. मेच्या अखेरीस आपल्याकडे पाच वाजता सूर्य साधारण २६ अंशांवर असतो आणि जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी जेमतेम फूटभर सावली देतो. खालची सगळी खिडकी तापत राहते. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा उपयोगी पडतो, पश्चिमेला त्याचा फारसा जोर चालत नाही. तिथे उभी जाळी, बाहेरून बांबूची चिक, नाहीतर खिडकीच लहान, असे उपाय लागतात. हे मी तोंडाने सांगितलं की माणसं मान डोलावतात आणि ‘मोठी खिडकी छान दिसते हो’ म्हणतात. पण गावाचा अक्षांश-रेखांश घालून, तारीख आणि वेळ लावून तोच उजेड पलंगाच्या उशीवर पडलेला दाखवला की बोलणं लगेच बदलतं. सॉफ्टवेअरमधला हा सूर्य फुकट मिळतो. त्याला आपलं गाव सांगायचं, बस. बरेच जण तेवढंही करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वी हे सगळं हाताने व्हायचं. मी शिकले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होता, टी-स्क्वेअर होता, गेटवे पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने रेघ मारायची आणि चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्यांना घनभूमितीची थोडी सवय असायची, ती इथे कामाला यायची. एक क्षितिजरेषा, तिच्यावर एक बिंदू, आणि खोलीच्या सगळ्या खोल जाणाऱ्या रेघा त्या बिंदूकडे. मग पोस्टर कलर किंवा पातळ जलरंग. फरशीवर खिडकीचं प्रतिबिंब दाखवायला ओल्या रंगावर कोरडा ब्रश उभा ओढायचा. हे आलं की मुलगी तयार झाली असं समजायचे.

त्या एका बिंदूची गोष्ट मला फार आवडते. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १५ व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बाप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं एक चित्र फळीवर काढलं आणि फळीला एक भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आरसा खाली केला की त्याच जागेवरून खरी इमारत दिसायची. चित्र बरोबर आहे की नाही याचा निकाल तिथल्या तिथे. पुढे १४३५ मध्ये लिओन बात्तिस्ता अल्बर्टीने या पद्धतीचे नियम लिहून ठेवले आणि जगभर ते शिकवले गेले. नियम सगळ्यांनी घेतले. आरसा खाली करून खऱ्या वस्तूशी ताडून बघण्याची सवय मात्र मागे पडली.

जळगावहून ५०-६० किलोमीटरवर अजिंठा आहे. खानदेशच्या वेशीवरच. तिथली चित्रं या एका बिंदूला बांधलेली नाहीत. १७ व्या किंवा १ ल्या लेण्यात मंडप काढलेले आहेत, बारीक खांब, आत बसलेली माणसं, दारापाशी उभे सेवक. भिंत जणू मधोमध कापून बाजूला ठेवली आहे, म्हणजे आतलं आणि बाहेरचं एकदम दिसावं. कोण कुणाशी बोलतंय, कोण आडून ऐकतंय, कोण निघून चाललंय, सगळं एकाच नजरेत. एका जागी उभं राहून असं कधीच दिसणार नाही, आणि तरीही ते घर आपल्याला पुरतं कळतं. यातून मी एक पद्धत घेतली. एकत्र कुटुंबाचं घर असेल तर मी आधी एकेका खोलीची चित्रं दाखवत नाही. सगळं घर मधून उभं कापून एकच मोठं चित्र करते: ओटा, बैठक, देवघर, स्वयंपाकघर, मागचं धुण्याचं, वरची गच्ची. सकाळी सात वाजता कोण कुठे असतं ते विचारून माणसं त्यात उभी करते. पाहुणा बैठकीत बसला असताना मागून घरातली बाई न्हाणीकडे कशी जाईल, हा प्रश्न त्या चित्रात आपोआप विचारला जातो. सुटी सुटी चित्रं तो प्रश्न लपवतात.

लपवण्याबद्दल बोलायचं तर कॅमेऱ्याबद्दल बोललं पाहिजे.

थ्रीडीमध्ये कॅमेरा आपल्या मर्जीचा असतो. भिंत काढून टाका, कॅमेरा शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवा, लेन्स १५-१६ मिलिमीटरची करा. दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसते. चोपड्याकडच्या एका घरात मी नंतर गेले होते, तिथे आधी बाहेरगावच्या एका ऑफिसने अशी चित्रं दिलेली. त्या चित्रावर विश्वास ठेवून कुटुंबाने एल आकाराचा सोफा मागवला. तो बसल्यावर बेडरूमचं दार निम्मंच उघडायला लागलं. घरातली बाई रोज आडवी होऊन दारातून निघायची. चित्रातल्या खोलीत त्याच सोफ्याभोवती दोन माणसं आरामात चालतील एवढी जागा होती. त्या बाईंचा राग सोफ्यावर होता, सोफा देणाऱ्या दुकानावर होता; चित्रावर नव्हता. चित्र अजून त्यांच्या फोनमध्ये होतं आणि त्या मला ते कौतुकाने दाखवत होत्या. मला ते फार लागलं.

माझा नियम साधा आहे. कॅमेरा खोलीच्या आत, माणूस खरंच उभा राहू शकेल तिथे. उंची पाच फूट, आणि बसून बघायच्या जागेची असेल तर साडेतीन-चार. लेन्स २४ ते ३५ च्या मध्ये. त्यात अख्खी खोली मावत नसेल तर दोन चित्रं करावीत, पण खोली ताणू नये. उभ्या रेघा उभ्याच ठेवाव्यात, भिंती मागे कलंडल्या तर बघणाऱ्याला उगाच अस्वस्थ वाटतं. आणि चित्रात एक तरी वस्तू अशी ठेवावी जिचं माप त्या घरातल्या माणसांना हाताने माहीत आहे. त्यांचंच साडेसहा फुटी लोखंडी कपाट, पिण्याच्या पाण्याचा माठ, आजोबांची आरामखुर्ची. नजर आधी त्या वस्तूवर जाते आणि बाकीच्या खोलीचं माप ती स्वतःच लावून घेते.

उजेडाच्या शास्त्रात गेल्या काही दशकांत जे झालं ते आमच्या धंद्याचं मोठं भाग्य आहे. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा माग काढून आरसे आणि काचा दाखवण्याची रीत मांडली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एका साध्या पेटीवर काम झालं. पेटीची एक बाजू लाल, समोरची दुसऱ्या रंगाची, बाकी पांढरी. लाल भिंतीवर पडलेला उजेड उसळून पांढऱ्या जमिनीला लालसर करतो, तो किती करतो हे त्यांनी गणिताने काढलं. नंतर खरीच पेटी बांधून तिच्याशी संगणकाचं चित्र शेजारी ठेवून ताडून पाहिलं. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी उजेडाच्या या सगळ्या उसळण्याचं एकच समीकरण लिहिलं, आणि आज आम्ही वापरतो ती बहुतेक रेंडरिंगची, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र करून देणारी, सॉफ्टवेअरं त्याच समीकरणाचं उत्तर शोधत असतात. तिथेही ब्रुनेलेस्कीचा आरसा होताच. खऱ्या वस्तूशी लावून बघा, मग बोला.

पेटीचं हे तत्त्व आपल्या गल्ल्यांमध्ये पावलोपावली दिसतं. धुळ्यात, पाचोऱ्यात, एरंडोलात जुन्या वस्तीतल्या घरांना थेट ऊन मिळतच नाही. तळमजल्यावरच्या खोलीत जो उजेड येतो तो समोरच्या घराच्या भिंतीवरून उसळून आलेला असतो. म्हणजे आपल्या बैठकीचा रंग अर्धा आपण ठरवतो आणि अर्धा समोरचे ठरवतात! पाचोऱ्याच्या एका घरासमोर गडद पोपटी भिंत होती, दिवाळीला नुकतीच रंगवलेली. मी फोनवर तिचा फोटो घेतला आणि मॉडेलमध्ये रस्त्यापलीकडे तशीच भिंत उभी केली. रेंडर झाल्यावर आमची पांढरी बैठक हलकी हिरवट आली, छताजवळ जास्त. घरातल्या वहिनी चित्र बघताच म्हणाल्या, ‘हो, असाच रंग येतो आमच्याकडे, साडी घ्यायला बाहेर जाऊन बघावं लागतं.’ आम्ही मग आतल्या भिंतींना पांढऱ्याऐवजी किंचित गुलाबीकडे झुकणारा रंग घेतला, म्हणजे तो हिरवा कापला जाईल. समोरची भिंत मॉडेलमध्ये नसती तर ही गोष्ट रंग देऊन झाल्यावर कळली असती.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये भिंतीला शंभर टक्के पांढरं करता येतं, पण कुठलीही खरी भिंत पडलेला सगळा उजेड परत देत नाही. मी ८० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि धूळ उडणाऱ्या रस्त्यावरचं घर असेल तर आणखी खाली.

रात्रीच्या दिव्यांवर आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चित्रात असतो ३००० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर, मऊ उजेड. छताच्या खोबणीतून झिरपणारा. प्रत्यक्षात वायरमन जवळच्या दुकानातून ६५०० चे पांढरे दिवे आणतो, कारण तिथे तेच असतात, आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडातच घर ‘उजळ’ वाटतं. लाकडी लॅमिनेट एका रात्रीत राखाडी होतं आणि फोन मला येतो. मी आता प्रत्येक हॉलची रात्रीची दोन चित्रं देते, एक पिवळ्यात, एक पांढऱ्यात, आणि दोन्हींखाली दिव्याचा आकडा छापते. निवड त्यांची. बरेचदा मधलं ४००० निघतं. याशिवाय एक चित्र असतं लाईट गेल्यावरचं. इन्व्हर्टरवर कोणता एक दिवा आणि कोणता एक पंखा राहणार, हे ठरलेलं नसेल तर खोबणीतली सगळी पट्टी इन्व्हर्टरवर जोडली जाते आणि स्वयंपाकघर अंधारात बसतं. हे चित्र बघून स्वयंपाक करणाऱ्या बाईचा चेहरा खुलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

लाकूड दाखवणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत सागवानी खांब असतात. घर पाडताना ते विकले जातात, पण काही घरं एखादा खांब नव्या बैठकीत ठेवायचा म्हणतात. असा खांब चित्रात आणायचा तर तयार टेक्श्चर चालत नाही. सॉफ्टवेअरमधलं सागवान म्हणजे दोन-तीन फुटांचा एक फोटो, तोच पुन्हा पुन्हा चिकटवलेला. एका साइटवर दुसऱ्या कुणाचं तरी चित्र पडलं होतं, ते आमच्या मिस्त्रींनी हातात घेतलं आणि बोट ठेवत गेले: ‘ही गाठ बघा. इथेही तीच. इथेही तीच. असं झाड नसतं.’ मी खांबाचे फोटो चारही बाजूंनी घेते, ढगाळ दिवशी किंवा सावलीत, म्हणजे फोटोत उन्हाचा ओरखडा येत नाही. जवळून बघितलं तर त्या खांबावर वाकसाने तासलेले उथळ घाव दिसतात, बोटाच्या पेराएवढे, एकाखाली एक, थोडे तिरपे. माणसाच्या उंचीवर ते घाव झिजून गुळगुळीत झालेले असतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे पाठ टेकून बसली, पोरं तिथे हात धरून गोल फिरली. वर, तुळईजवळ, ते तसेच धारदार. चुलीच्या धुराने एक बाजू काळपट. हा फरक चित्रात आला, खाली चकाकी आणि वर खडबडीतपणा, की घरातले लोक तो खांब ओळखतात. सगळीकडे सारखी पॉलिशची चमक दिली तर तो शोरूममधला खांब होतो. रेंडरिंगमध्ये याला फक्त एक करड्या रंगाचा नकाशा लागतो, कुठे चमक जास्त आणि कुठे कमी एवढं सांगणारा. तो मी हाताने रंगवते. पोस्टर कलरच्या दिवसांतला हात तिथे पुन्हा कामाला लागतो.

पण असं फोटोसारखं चित्र मी पहिल्या बैठकीत कधीच दाखवत नाही. त्याचं एक कारण आहे. सगळं इतकं पक्कं दिसलं की माणसं गप्प होतात. त्यांना वाटतं, ठरलंच आहे. मग बोलणं कुशनच्या रंगावर येऊन थांबतं. म्हणून आधी करडं मॉडेल, रंग नाही, मटेरियल नाही. मग बटर पेपर टाकून त्यांच्यासमोर पेन्सिलने रेघा. कच्च्या रेघेसमोर आबाही म्हणतात, ‘ही भिंत जराशी इकडे घेतली तर?’ आणि स्वतः पेन्सिल घेतात. आता फोनवर क्षणात खोल्यांची चित्रं बनवून देणारे प्रोग्रॅम आले आहेत, लोक तीच घेऊन येतात. आवड कळायला ती बरी. पण त्या खोलीत कॉलम नसतो, बीम नसतो, खिडकीपलीकडे समुद्र असतो, आणि घराचं एकही माप त्या चित्राला माहीत नसतं.

आणि मग तयार सामानाचा प्रश्न. रेडीमेड मॉडेलमध्ये ऑर्किडची फुलं येतात, उघडी मासिकं येतात, कुणी न वाचलेली इंग्रजी पुस्तकं येतात. आमच्या खानदेशातल्या कानबाई या देवीची जागा येत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्या घरी कानबाई बसते त्या घरात रात्रभर माणूस असतं, सगळे भाऊबंद एकत्र जमतात, रोट असतात. हॉल रिकामा करता आला पाहिजे. म्हणून सेंटर टेबल उचलता येईल असं, आणि चौरंग मांडायची भिंत मोकळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका बांधला जातो. जुन्या घरांत त्यासाठी आढ्याला कडी असते, नव्यांत स्लॅबला. पीओपीच्या छताच्या हौसेत ही कडी सरसकट झाकली जाते. मी छताच्या चित्रात कडी दाखवते आणि तिच्याखाली झोका टांगलेला दाखवते. एकदा ती दिसली की कुणीही ती झाकू देत नाही.

मिस्त्रींना यातलं काहीच लागत नाही. त्यांना लागतं समोरून काढलेलं मापाचं चित्र, फूट, इंच आणि सुतात. एका इंचाचे आठ सूत, १९ मिलिमीटरचा प्लाय म्हणजे सहा सूत, यावर त्यांचा सगळा हिशेब. मिलिमीटरमधलं चित्र दिलं तर ते मान हलवतात आणि घरी जाऊन पुन्हा सगळं सुतात लिहितात, आणि चुका तिथे शिरतात. मी आता दोन्ही मापं लिहून देते.

सगळ्यात खरं सादरीकरण मात्र जमिनीवर होतं. स्लॅब पडून भिंती झाल्या आणि फरशी बाकी असली की मी फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी पूड, घेऊन जाते. पलंग, कपाट, डायनिंग, ओटा, सगळं खऱ्या मापात जमिनीवर आखायचं. कपाटाचं दार उघडतं तो चतकोर गोलसुद्धा. मग घरातल्या सगळ्यांनी त्यातून चालायचं. सून रिकाम्या हाताने फ्रीज उघडते, आजोबा फक्कीच्या पलंगावरून उठून रात्री बाथरूमला जातात तसे जातात. फैजपूरच्या एका घरात केळीच्या बागेतून थेट आलेले काका चिखलाच्या पायांनी आत यायला लागले आणि दारातच थांबले. पाय धुवायची जागा आखलेलीच नव्हती. ती तिथेच, त्यांच्या पायाजवळ आखली. कुठल्याही रेंडरने मला ते सांगितलं नसतं. त्यामुळे महागातलं अंतिम रेंडर मी फक्कीनंतरच करते, आधी नाही. खर्चही वाचतो.

छपाईबद्दल थोडंसं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं, आणि उन्हात उभं राहून फोनची ब्राइटनेस पूर्ण करून बघितलं तर त्यातली सगळी सावली करपते. मी ए-थ्री आकाराच्या, चकाकी नसलेल्या कागदावर प्रिंट देते आणि सोबत लॅमिनेटचे, फरशीचे, कापडाचे खरे तुकडे. तुकडे त्यांच्याच घरी, त्यांच्याच खिडकीत आणि रात्री त्यांच्याच ट्यूबखाली बघायचे. रंगाचा शेवटचा शब्द तुकड्याचा, कागदाचा नव्हे.

फर्निचर विकणाऱ्या आयकिया या स्वीडिश कंपनीबद्दल एक गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना नेहमी सांगते. २००६ मध्ये त्यांनी कॅटलॉगमध्ये एका खुर्चीचं पहिलं संगणकावर केलेलं चित्र घातलं, आणि २०१४ पर्यंत त्यांच्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रं तशीच झाली. हे जमावं म्हणून त्यांनी फोटोग्राफरना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडी करणाऱ्यांना फोटोग्राफी. माझ्या मते यातला दुसरा भाग मोठा. खरी खोली, खरा उजेड डोळ्यांनी वाचता येत नाही त्याला सॉफ्टवेअरमधलं एकही बटण वाचवू शकत नाही. म्हणून मुलींना मी आधी कॉम्प्युटरवर बसवत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातला एकच कोपरा सकाळी, दुपारी आणि रात्री काढून आणायला सांगते, पेन्सिलने, आणि प्रत्येक वेळी भिंतीवर सगळ्यात उजळ जागा कुठे होती ती खूण करून.

काम संपून घरात राहायला गेल्यानंतर मी त्या घरी पुन्हा जाते. थ्रीडीत कॅमेरा जिथे होता तिथे उभी राहते, तीच वेळ, जमलं तर तोच महिना, आणि फोटो घेते. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. या जोड्यांनी मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. चित्रातले पडदे नेहमी खऱ्यापेक्षा हलके असतात. टीव्हीच्या वायरी चित्रात नसतात आणि घरात असतात. आणि पंखा! छान दिसावं म्हणून कितीतरी चित्रांत पंखा काढूनच टाकतात. खानदेशात पंख्याशिवाय एकही खोली नाही. छतातले गोल दिवे पात्यांच्या वर आले की पंखा फिरताना सगळ्या खोलीत उजेड लुकलुकत राहतो, डोकं दुखायला लागतं, आणि स्थिर चित्रात ते कधीच दिसत नाही. त्यामुळे आता छताच्या नकाशावर मी आधी पंख्याच्या पात्यांचं वर्तुळ आखते आणि दिवे त्याच्या बऱ्याच बाहेर बसवते. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्या बैठकीत माझी चांगली रेंडरं आधी काढत नाही. जुन्या घरांच्या या जोड्या टेबलावर मांडते, डावीकडे चित्र, उजवीकडे फोटो, आणि फरक कुठे कुठे आहे ते त्यांनाच शोधायला सांगते.